वहिनी घरात होत्या

भाऊंची अंत्ययात्रा निघाली त्या दिवशी शहरातली दुकानं कुणी न सांगता बंद झाली होती. ज्या आवाजावर लोकांनी प्रेमं जमवली, लग्नं केली, पोरं झोपवली, तो आवाज गेला म्हणून धडधाकट माणसं रस्त्यात उभी राहून रडली. त्याला चार महिने होतात न होतात तोच एका बाईने वर्तमानपत्रात, स्वतःच्या नावानिशी आणि फोटोनिशी सांगितलं, की ती तेरा वर्षांची असताना भाऊंकडे गाणं शिकायला जायची आणि शिकवणीच्या नावाखाली भाऊ तिच्या अंगाशी नको ते चाळे करायचे. एकदा नाही, वर्षभर.

वहिनींनी ती बातमी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, उभ्यानेच वाचली. पहिला राग आला तो त्या बाईचा. एवढी वर्षं गप्प बसलीस, आणखी थोडी बसली असतीस तर मीही डोळे मिटले असते, असं त्या मनातल्या मनात म्हणाल्या. आणि हे आपण काय म्हणालो, याचाही मग त्यांना राग आला.

वहिनी म्हणजे भाऊंची बायको. भाऊ अख्ख्या शहराचे भाऊ, म्हणून त्या अख्ख्या शहराच्या वहिनी. बँकेचा मॅनेजर त्यांना वहिनी म्हणे आणि पाण्याचं मीटर बघायला येणारा माणूसही वहिनीच म्हणे. भाऊंना मुलगाही भाऊ म्हणायचा. घरात आई एकच होती, बाबा मात्र कुणी नव्हतं.

फोटोवरून त्या बाईची ओळख पटली नाही. चष्मा, आखूड केस, चाळिशी उलटलेला चेहरा. कुठल्याशा शाळेत गणित शिकवते असं लिहिलं होतं. पण पुढे एक वाक्य होतं, ‘भाऊ मला चिमणी म्हणायचे’, आणि वहिनींना गुडघे सोललेली, दप्तर छातीशी धरून जिन्याखाली उभी राहणारी मुलगी लख्ख आठवली. चिमणी हे नाव तिच्या बारीक आवाजावरून पडलं होतं. त्याच्या पुढची चार वाक्यं वहिनींनी परत परत वाचली. ‘वहिनी खालून हाक मारायच्या, चहा आणतेय म्हणून. ती हाक आली की ते लांब व्हायचे आणि पियानोवर हात ठेवायचे. मी त्या हाकेची वाट बघत बसायची. पुढे पुढे ती हाकही येईनाशी झाली.’

हाकेची गोष्ट खरी होती. घर दोन मजली. खाली राहणं, जेवणं, झोपणं. वर फक्त गाण्याची खोली. भिंतींना जाड कापडाचं अस्तर, दाराला रबराची कड, आतला आवाज बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही. लग्न होऊन वहिनी घरात आल्या त्याच आठवड्यात भाऊंनी त्यांना सांगितलं होतं, की सूर लागलेला असताना कुणी दार उघडलं तर अंगावर काच फुटल्यासारखं होतं. म्हणून वर येताना खालून हाक मारायची. जिन्यात एक छोटी खिडकी ठेवून घेतली होती, तिच्यातून हाक तेवढी आत पोचायची. हाक मारायची, जरा थांबायचं, मग चढायचं. मुलगा बोलायला लागला तो हे शिकूनच. पाहुणे शिकले, कामाची बाई शिकली. गायकाच्या घरची शिस्त म्हणून लोक तिचं कौतुक करायचे.

भाऊ तर ही गोष्ट कार्यक्रमात रंगवून सांगायचे. दोन गाण्यांच्या मध्ये घोटभर पाणी प्यायचे आणि म्हणायचे, “आमच्या घरी पोलीस येतात ते सायरन वाजवत येतात. म्हणून तर आमचा चोर अजून सापडला नाही.” सभागृह हसून लोळायचं. पहिल्या रांगेतल्या वहिनीही हसायच्या. कॅमेरा अशा वेळी हमखास त्यांच्यावर यायचा.

बातमी आल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी घरातली माणसं जेवणाच्या टेबलाभोवती बसली. मुलगा होता, भाऊंच्या नावाची संगीतसंस्था तोच चालवायचा. त्याची बायको होती, ती हाडांच्या दवाखान्यात व्यायाम शिकवायची आणि अर्धी रजा टाकून आली होती. भाऊंची थोरली बहीण होती, वहिनींच्या वन्सं, जिभेला हाड नसलेली बाई. आणि सेक्रेटरी होता. भाऊंचे कार्यक्रम ठरवण्यात त्याचे केस पिकले होते आणि आता ते काळे करण्यात त्याचा वेळ जात होता. टेबलावर त्याचे दोन फोन पालथे पडले होते आणि आलटून पालटून थरथरत होते.

सेक्रेटरीने परिस्थिती समजावून सांगितली. शहरातल्या नव्या सभागृहाला भाऊंचं नाव द्यायचं नक्की झालं होतं, त्यावर परवा शिक्कामोर्तब व्हायचं होतं. आता नगरपालिकेतली माणसं चुळबुळ करत होती. विरोध कुणाचाच नव्हता, त्यांना फक्त धरायला काहीतरी हवं होतं. ते काहीतरी म्हणजे वहिनींचा व्हिडिओ. दोन मिनिटांचा. तो आज संध्याकाळी बाहेर पडला पाहिजे. त्याच्यासोबत त्या बाईला वकिलाची नोटीस आणि नोटिशीची एक प्रत तिच्या शाळेला. वकिलांनी स्पष्टच सांगितलं होतं की कोर्टात हे प्रकरण टिकणार नाही. पण कोर्टापर्यंत जायची गरजच नव्हती. पालकांनी तक्रारी केल्यामुळे शाळेने तिला आधीच रजेवर बसवलं होतं. नोटीस पोचली आणि वर वहिनींनी तिला खोटं पाडलं, की शाळा तिला नारळ देऊन मोकळी होणार. मग ती स्वतःहूनच गप्प बसेल.

वहिनींनी विचारलं, पालकांनी तक्रार कशाची केली. सेक्रेटरी म्हणाला, असल्या गोष्टी उघड बोलणारी बाई मुलांसमोर नको, अशी.

वन्सं सुरुवातीपासून धुमसत होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ह्या मुलीच्या गळ्यात सूर नव्हता, भाऊने वर्षभर शिकवून बघितलं आणि घरी पाठवलं, त्याचा डूख धरून बसली ती. भाऊ होता तोवर समोर यायची छाती झाली नाही. आता उत्तर द्यायला माणूस नाही म्हटल्यावर रान मोकळं. आणि त्या हाकेबिकेचं काय एवढं कौतुक, ती गोष्ट तर भाऊच जगाला सांगत फिरायचा. टीव्हीवर बघितली असेल, टाकली मीठमसाला लावून.

हे शेवटचं वहिनींना पटलं. नाही पटलं असं म्हणायला जागा नव्हती. हाक सगळ्यांना माहीत होती.

मुलगा मात्र चिडला नव्हता. तो शांतपणे, एकेक मुद्दा बोटावर मोजल्यासारखा बोलत होता आणि त्याचाच वहिनींना जास्त त्रास होत होता. तो म्हणाला, आपण भावना बाजूला ठेवू. कुणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवायचा तर काहीतरी आधार हवा. तिच्याकडे साक्षीदार नाही, कागद नाही, काही नाही. आपल्याकडे आहे.

“आई घरात होती,” तो म्हणाला. “रोज, प्रत्येक शिकवणीला. याच्यापुढे काय बोलायचं? आईच्या नाकासमोर असं वर्षभर चालेल आणि तिला पत्ता लागणार नाही? आईला? माझ्या खिशातली सिगरेट हिला शेजारच्या खोलीतून कळायची.”

वन्सं हसल्या. सेक्रेटरीही हसला आणि म्हणाला की व्हिडिओत नेमकं हेच यायला हवं, वहिनी घरात होत्या. बाकी काही बोलायची गरजच नाही.

सुनेने तेवढ्यात विचारलं, “पण तिला यातून मिळणार काय?”

“प्रसिद्धी,” सेक्रेटरी म्हणाला.

“प्रसिद्धी मिळाली. नोकरी चाललीय.”

“तुला कुणी विचारलंय का?” वन्सं म्हणाल्या. “तू इथे किती वर्षं आहेस? आम्ही त्याला लंगोटात बघितलाय.”

“लंगोटात सगळे चांगलेच असतात, आत्या.”

मुलाने हात वर करून दोघींना थांबवलं. त्याने बायकोकडे न बघता पुढचा मुद्दा मांडला. म्हणाला, आमची मुलगी याच घरात वाढली. भाऊंच्या अंगाखांद्यावर खेळली. आपल्या मनात कधी, चुकून तरी, काही आलं का? माणूस तसा असता तर आपल्याला, आईबापांना, आधी कळलं नसतं?

“वर कधी गेली नाही ती,” सून म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे मी पाठवली नाही. भाऊ दोन-तीनदा म्हणाले, पोरीचा गळा चांगला आहे, पाठव. मी तिला पोहायला घातलं.”

सेक्रेटरीने एक फोन उचलून उगाचच सुलटा केला. मुलगा बायकोकडे अशा नजरेने बघत होता, जणू हिला आपण कुठेतरी पाहिलंय पण नाव आठवत नाही. पोहायला घातलं तेव्हा तूच म्हणालीस ना, तिची छाती भरते म्हणून, असं तो कसंबसं म्हणाला. ती म्हणाली, हो, तेव्हा तसंच म्हणाले.

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर त्या सुनेला कधी उलट बोलल्या नव्हत्या.

“तू काय बघितलं होतंस?” त्यांनी विचारलं.

“काही नाही.”

“काही नाही म्हणून कुणी पोरीला पोहायला घालत नाही. काय बघितलंस?”

सुनेने सांगितलं, की लग्नानंतरच्या वर्षी एकदा ती दवाखान्यातून लवकर घरी आली होती. वरून शिकवणीची एक मुलगी खाली आली, ही नव्हे, दुसरीच. चपला हातात. दारात थांबून तिने त्या घातल्या नाहीत, तशीच अनवाणी रस्त्याने चालत गेली, कोपऱ्यावर वळेपर्यंत. बस, एवढंच.

“चावत असतील चपला,” वन्सं म्हणाल्या.

“असतीलही. मीही तेच म्हटलं स्वतःला.”

“आणि मला सांगितलं नाहीस,” वहिनी म्हणाल्या.

“काय सांगणार होते, आई? पोरगी चपला हातात घेऊन गेली, म्हणून तुमचा नवरा वाईट? तुम्ही मला उभं केलं असतं का दारात?”

वहिनी आणखीच संतापल्या. हिने आपली पोर तेवढी उचलून बाजूला ठेवली आणि बाकीच्यांच्या पोरींना जिना चढताना बघत राहिली. वर आता तोंड वर करून सांगते. त्या खुर्ची मागे ढकलून उठल्या. मुलाला वाटलं, कॅमेऱ्यासाठी साडी बदलायला चालल्या आहेत. तो म्हणाला, घाई नाही, लाइटवाला तीनला येईल.

त्या जिन्याकडे गेल्या. भाऊ गेल्यापासून वरची झाडलोट कामाची बाई करायची, वहिनी गेल्याच नव्हत्या. खालच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि त्यांचं तोंड उघडलं. आवाजही निघाला, “आणते—” आणि तिथेच त्यांनी तो दाताखाली धरला. वर कुणी नव्हतं. माणूस जाऊन चार महिने झाले होते, आणि त्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या जिन्यात, रिकाम्या खोलीची परवानगी मागत उभ्या होत्या.

त्या धाडधाड वर गेल्या. इतक्या वेगाने त्या जिना कधी चढल्या नव्हत्या, गुडघे बोलायला लागले. दार ढकललं. पियानोवर झाकण होतं, त्यावर धूळ नव्हती. खिडकीला पडदा, भिंतींना अस्तर, खाली गालिचा. त्या पियानोसमोरच्या बाकावर बसल्या. मग तिथून उठल्या आणि बाजूच्या खुर्चीवर बसल्या, शिकणारी मुलं बसायची त्या.

चिमणी इथे बसायची. भाऊंचा चहा आणि तिचं दूध घेऊन वहिनी यायच्या. या मुलीचं दूध काही संपायचं नाही. चिमणीसारखीच प्यायची, थेंब थेंब. आणि प्रश्न. वहिनी, कापडावर शाई सांडली तर कशाने जाते? वहिनी, तुम्ही मांजर का नाही पाळत? वहिनी, तुमच्या शाळेत डबा कुठे बसून खायचे? भाऊ घड्याळाकडे बघायला लागायचे. वहिनींना मनातून हसू यायचं, की पोरीला गाणं नको, गप्पा हव्यात. शेजारणीला त्या ही गंमत सांगायच्या, आमची एक विद्यार्थिनी आहे, ती गळ्याने नाही, तोंडाने शिकते.

मग ती दूध सांडायला लागली. एकदा सांडलं तेव्हा वहिनींनी खाली जाऊन फडकं आणलं, गुडघ्यावर बसून गालिचा पुसला, आणि ती पोर शेजारी बसून बघत राहिली. पुढच्या वेळी पुन्हा. त्याच्या पुढच्या वेळी तर ग्लास पुरता आडवा झाला, आणि वहिनी तिला चांगलंच बोलल्या. धांदरट म्हणाल्या, हाताला काय भोकं पडलीत का म्हणाल्या. पोर रडली नाही, उलट काहीतरी मिळाल्यासारखी त्यांच्याकडे बघत होती. पुसायला वेळ लागत होता ना. गालिचा ओला, फडकं पिळायचं, परत यायचं. तेवढा सगळा वेळ दार उघडं असायचं.

त्या दिवशी जेवताना भाऊ म्हणाले, तिच्या शिकवणीला काही आणत जाऊ नकोस, सांडते आणि लय तुटते. वहिनींना बरंच वाटलं होतं. एक खेप वाचली.

पुढे पुढे ती हाकही येईनाशी झाली. वर्तमानपत्रातलं ते वाक्य वाचताना वहिनींना वाटलं होतं, मुलगी काहीतरी विसरली असेल. ती विसरली नव्हती. हाक का बंद झाली ते तिलाही ठाऊक नसणार. ते ठाऊक असलेली माणसं दोनच होती, आणि त्यातला एक गेला होता. हे भाऊंनी कुठल्या कार्यक्रमात सांगितलं नव्हतं. टीव्हीवर बघून कुणाला कळण्यासारखं नव्हतं.

त्या तिथे किती वेळ बसल्या कुणास ठाऊक. खरं तर त्यांना कुणावर तरी ओरडायचं होतं. एक माणूस होता ज्याच्यावर ओरडावं, आणि तो शहराला रडवून निघून गेला होता. इतक्या वर्षांच्या संसारात भांडायची सोय होती तेव्हा कशावरून भांडलो, तर गावाला जायच्या तारखेवरून, मुलाच्या शिकवणीवरून, पंख्याच्या वेगावरून. आणि खाली ती माणसं बसली होती, ज्यांचा सगळा किल्ला वहिनींच्या घरात असण्यावर उभा होता. ज्या बाईला वर येऊ द्यायचं नाही म्हणून नियम केला, तीच आता पुरावा.

खाली लाइट लागला होता. दिवाणखान्यात भाऊंच्या मोठ्या फोटोखाली वहिनींची खुर्ची मांडली होती. कॅमेरावाल्याने वहिनींना नमस्कार केला. सेक्रेटरीने मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद कॅमेऱ्याच्या बाजूला धरायला लावला होता. मजकूर साधा होता. मी भाऊंसोबत संसार केला. मी सतत घरात होते. असं काही घडणं अशक्य आहे. कुणीतरी त्या बाईला पुढे करत आहे, तिला सद्बुद्धी मिळो.

वहिनी खुर्चीवर बसल्या. साडी बदलली नव्हती. वन्सं म्हणाल्या, पदर तरी नीट करा. वहिनींनी पदर नीट केला. कॅमेरावाल्याने बोटाने खूण केली आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली. कागदाकडे त्यांनी बघितलंही नाही.

“मी खाली असायचे,” त्या म्हणाल्या. “वर जायला मला आधी हाक मारायला लागायची. तो भाऊंचा नियम होता. म्हणून वर काय चालायचं हे मला ठाऊक नाही, आणि मी घरात होते म्हणून तिथे काही वाईट झालं नाही असं जे म्हणतात, त्यांनी माझं नाव घेऊन म्हणू नये. ही मुलगी दूध सांडायची. मुद्दाम. मी पुसायला थांबावं म्हणून. मी तिला धांदरट म्हणाले. मग भाऊंनी मला दूध आणायचं बंद करायला सांगितलं. मला आता तिचं खरं वाटतं. वाटतं म्हणजे, ती म्हणते ते झालंय.”

सेक्रेटरीने कॅमेरावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. लाइट तसाच चालू राहिला.

मग बोलाचाली झाली आणि बराच वेळ चालली. वन्सं म्हणाल्या की दुःखाने यांचं डोकं ठिकाणावर नाही. सांडलेल्या दुधावरून तुम्ही माझ्या भावाला फासावर चढवताय, सगळीच पोरं दूध सांडतात. वहिनी म्हणाल्या, सांडतात, पण ती पुढच्या घासाला विसरतात; तीनदा सांडून कुणी समाधानाने बघत बसत नाही. वन्सं म्हणाल्या, तुम्हाला आज समाधान दिसलं, तेव्हा नाही दिसलं? वहिनी म्हणाल्या, तेव्हाही दिसलं होतं, त्याचाच राग येतोय. वन्सं पर्स उचलून दारापर्यंत गेल्या आणि कुणी थांबवलं नाही म्हणून परत येऊन बसल्या.

सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाला की खरंखोटं कळायला आता मार्ग नाही, अशा वेळी ज्यांचं पोट या नावावर आहे त्यांचा विचार करावा, संस्थेत वीस शिक्षक आहेत. वहिनी म्हणाल्या, तिचंही पोट शिकवण्यावरच आहे. त्याने कॅमेरावाल्याला चित्रण पुसून टाकायला सांगितलं. कॅमेरावाल्याने वहिनींकडे बघितलं, मग सेक्रेटरीकडे, आणि पुसलं. पैसे त्याला सेक्रेटरी देणार होता.

मुलगा शेवटी बोलला. त्याचा शांतपणा संपला होता. लहानपणी ताप चढल्यावर व्हायचा तसा त्याचा चेहरा लाल झाला होता.

“तू नव्हतीस वर. तूच म्हणालीस. मग तुला काय माहीत? कशावरून ते नसतीलच तसे?”

“नसतील असं धरून चाललो ना इतकी वर्षं. सगळेच चाललो. तुझी बायको सोडून.”

“ते माझे वडील होते, आई.”

“माझा नवरा होता,” वहिनी म्हणाल्या. “तुला वाटतं मला हे सोपं जातंय? तुझ्यापेक्षा जास्त वर्षं मी त्या माणसाशेजारी झोपलेय. त्याच्या गाण्यावर मी भाळले होते, तू नाही. मला एवढा राग आलाय की तो आत्ता उठून आला तर मी त्याला पहिल्यांदा त्या जिन्याखाली उभा करीन आणि हाक मारायला लावीन. पण तो येत नाही. आणि तुम्ही सगळे मिळून तो राग त्या बाईवर काढा म्हणताय. तिच्यावर मी एकदा काढलाय. पुन्हा नाही काढणार.”

मुलगा खाली बसला. सून त्याच्याजवळ गेली नाही, पण तिने लाइट बंद केला.

बातमी छापणाऱ्या वार्ताहराचा नंबर वहिनींकडे होता. तो तीन दिवस फोन करत होता आणि त्या उचलत नव्हत्या. दिवाणखान्यातल्याच फोनवरून, सगळ्यांसमोर, त्यांनी त्याला सगळं सांगितलं. हाक, दूध, फडकं. लिहून घेतलेलं वाचून दाखवायला लावलं. एका ठिकाणी त्याने ‘भाऊंच्या पत्नीला शंका’ असं लिहिलं होतं, ते त्यांनी खोडायला लावलं. शंका नाही म्हणाल्या. चपलांची गोष्ट त्यांनी सांगितली नाही. ती सुनेची होती, सांगायची असेल तर तिने सांगावी. सून तिथेच उभी होती. तिने मान खाली घातली आणि थोड्या वेळाने, कुणी न विचारता, वार्ताहराचा नंबर आपल्या फोनमध्ये टिपून घेतला.

सेक्रेटरी तोवर बाहेर व्हरांड्यात जाऊन नगरपालिकेतल्या कुणाशी तरी दबक्या आवाजात बोलत होता. सभागृहाचा विषय परवाच्या बैठकीतून काढा, असं काहीसं ऐकू आलं.

वहिनी मुलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. “नोटीस गेली का?”

नव्हती गेली. व्हिडिओसोबत जायची होती.

“मग वकिलांना सांग, फाडून टाका. आणि शाळेला फोन लाव.”

“शाळेला कशाला?”

“तिला तुमच्यासाठीच रजेवर बसवलंय. त्या पालकांच्या तक्रारी काय आपोआप आल्या? सेक्रेटरीने कुणाकुणाला फोन केले ते मला विचारायला लावू नकोस.”

मुलाने व्हरांड्याकडे बघितलं. सेक्रेटरीची पाठ होती. उद्या बघू, असं तो म्हणाला. वहिनी म्हणाल्या, शाळा आत्ता उघडी आहे. त्याने फोन घेतला, नंबर शोधायला फार वेळ लावला, मग लावला. पलीकडे मुख्याध्यापिका आल्या असाव्यात, कारण तो ताठ झाला. “मी भाऊंचा मुलगा बोलतोय,” तो म्हणाला. एवढं म्हणून तो थांबला. पलीकडून आवाज येत होता, बारीक, लगबगीचा. भाऊंबद्दल वाईट वाटतं, आम्ही योग्य तो निर्णय घेतोच आहोत, काळजी करू नका, असं बरंच. तो नुसता हो, हो म्हणत राहिला. पुढचं वाक्य काही केल्या त्याच्या तोंडातून निघत नव्हतं.

वहिनींनी त्याच्या हातातून फोन घेतला.

“मी भाऊंची बायको,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडे गणित शिकवणाऱ्या बाईंबद्दल बोलायचंय. लिहून घ्यायला कुणी असेल तर बोलवा, मी थांबते.”